आपला बाब्या आणि लोकाचं कार्टं

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवली. मुलं हसायची, अर्थ पाठ करायची, वाक्यात उपयोग करायची. म्हणीचा खरा उपयोग मात्र माझ्याच घरच्या शिकल्यासवरल्या मंडळींनी मला अलीकडे करून दाखवला.

२०२५ च्या एप्रिलमध्ये आमचा व्हॉट्सॅपवरचा ग्रुप नुसता पेटला होता. अमेरिकेत शिकणाऱ्या हजारो परदेशी मुलांची नोंद सरकारने एका फटक्यात रद्द केली होती. "ही कसली लोकशाही", "पोरांना विचारायचं तरी", "फी घेताना गोड वाटतं"... एकेक मेसेज असा तावातावाने आलेला. सगळं खरंच होतं. पण हाच ग्रुप, हीच माणसं, २०२१ च्या ऑगस्टमध्ये काय म्हणत होती तेही मला आठवतं. तेव्हा पुण्यात शिकणारी, सुट्टीला किंवा लॉकडाऊनमुळे घरी गेलेली अफगाण मुलं काबूलमध्ये अडकली आणि आपल्या सरकारने त्यांचे व्हिसा एका फटक्यात रद्द केले. तेव्हाचे मेसेज होते, "योग्य केलं", "रिस्क कोण घेणार", "नियम म्हणजे नियम". मी तेव्हाही भांडले होते आणि "मावशी, तुम्हाला यातलं कळत नाही" असं उत्तर मिळालं होतं. तर मंडळी, मला यातलं काय कळतं ते आज सविस्तर सांगते.

माझं म्हणणं थोडक्यात असं. कोणाला घरात घ्यायचं हे ठरवण्याचा हक्क प्रत्येक देशाला आहे. पण एकदा घेतलेल्या विद्यार्थ्याला, त्याचं म्हणणं ऐकून न घेता, गठ्ठ्याने बाहेर काढण्याचा हक्क कोणालाच नाही. अमेरिकेला नाही, ब्रिटनला नाही आणि आपल्यालाही नाही. आणि जो तिसरा "नाही" म्हणायला तयार नसेल त्याने पहिले दोन म्हणू नयेत.

आधी व्हिसा आणि स्टेटस यांतला फरक, कारण आपल्या सोलापुरातले निम्मे पालक इथेच घोळ घालतात. व्हिसा म्हणजे दार. पासपोर्टावरचा तो चिकटवलेला कागद दारापर्यंत नेतो. आत गेल्यावर राहायचं ते स्टेटसवर, म्हणजे शाळेच्या भाषेत पटावर नाव असणं. अमेरिकेत एफ-१ व्हिसावर गेलेल्या मुलाचा हा पट म्हणजे सेविस नावाची संगणकातली नोंद. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर कायदे कडक झाले आणि २००३ पासून ही पद्धत लागू झाली. विद्यापीठ आय-२० नावाचा कागद देतं, त्यावर या नोंदीचा नंबर असतो. या पटावर नाव टिकवायचं तर काय काय सांभाळायचं बघा. प्रत्येक सत्रात पूर्ण अभ्यासक्रम घ्यायचा, पदवीच्या मुलाला किमान १२ क्रेडिट. काम विद्यापीठाच्या आवारातच, तेही सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत. खोली बदलली तर १० दिवसांच्या आत कळवायचं. घरी येऊन परत जायचं तर आय-२० वर विद्यापीठाची सही हवी. शिक्षण संपल्यावर ओपीटीवर काम करायचं तर एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहायचं नाही. आणि अभ्यास सोडून पाच महिन्यांहून जास्त देशाबाहेर राहिलात तर ही नोंद संपली, पुन्हा नवा आय-२०, पुन्हा ३५० डॉलर सेविसची फी, म्हणजे तीस हजार रुपये.

बावीस वर्षांचं पोर परक्या देशात हे सगळं सांभाळतं, शिवाय परीक्षा देतं आणि स्वतःचा स्वयंपाक करतं. मला त्यांचं कौतुकच वाटतं.

पण त्या पाच महिन्यांवर जरा थांबते. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने उदंड. दिवाळीनंतर ऊसतोड सुरू होते आणि कोपीवर गेलेली पोरं उन्हाळ्याच्या तोंडाला गावी परततात. हिशेब केला तर तेवढेच, पाच-सहा महिने! या मुलांचं शिक्षण तुटू नये म्हणून आपल्या शिक्षण खात्याने हंगामी वसतिगृहं काढली, मूल जाईल तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी पत्रक काढलं. ते कागद नीट चालतात का, हा वेगळा भांडणाचा विषय. पण निदान तत्त्व तरी मान्य झालं की पोटासाठी सहा महिने लांब गेलेल्या मुलाचं नाव पटावरून कमी करायचं नाही. आणि नाव कमी करण्याची वेळ आलीच तर आधी पालकांना बोलवायचं, कारण विचारायचं. जिल्हा परिषदेच्या दोन खोल्यांच्या शाळेला जे जमतं ते वॉशिंग्टनला आणि दिल्लीला जमू नये?

आता दाराविषयी. अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यात २१४(ब) नावाचं एक कलम आहे. ते म्हणतं की व्हिसा मागणारा प्रत्येक जण तिथेच कायम राहायला चालला आहे असं गृहीत धरायचं, तसं नाही हे त्याने सिद्ध करायचं. म्हणजे आरोप आधी आणि पुरावा आरोपीने द्यायचा. हा पुरावा द्यायला मुलगा रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडून मुंबईला जातो आणि खिडकीपुढे दोन-चार मिनिटं उभा राहतो. नकार मिळाला तर हातात एक छापील कागद येतो. त्यात कलमाचा नंबर असतो, त्याच्या बाबतीत नेमकं काय कमी पडलं ते नसतं. अपील नाही. १८५ डॉलर फी गेली ती गेलीच.

"शिकून परत येणार का?" या प्रश्नाचं खरं उत्तर विशी-पंचविशीतलं कोणतं माणूस देऊ शकेल? तीन मराठी माणसं घ्या. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या, १८८६ मध्ये डॉक्टर होऊन परत आल्या. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, परत आले, आणि त्यांनी काय केलं ते मी सांगायला नको. तिसरे आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. ते काही शिकायला गेले नव्हते, १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून जखमींची सेवा करायला चीनला गेले. परत यायच्याच इराद्याने गेले. बाकीचे चौघे परतले. कोटणीस तिथेच राहिले, तिथल्याच मुलीशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच गेले. सांगा, खिडकीतल्या साहेबाने या तिघांना ओळीने उभं केलं असतं तर तीन मिनिटांत कोण परतणार आणि कोण नाही हे त्याने ओळखलं असतं? खुद्द कोटणीसांना तरी ते ठाऊक होतं का? इरादा हा आयुष्यात घडत जातो. तो बँकेच्या स्टेटमेंटमध्ये सापडत नाही.

आणि बाबासाहेबांची दुसरी गोष्ट तर या विषयाला थेट लागू आहे. ते १९१६ मध्ये लंडनला शिकायला गेले आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली म्हणून अर्ध्यावर परत यावं लागलं. पण विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू ठेवायची मुभा दिली. बाबासाहेबांनी मुंबईत सिडनहॅम कॉलेजात नोकरी केली, पैसे साठवले, १९२० मध्ये ते परत गेले आणि १९२३ मध्ये त्यांनी डी.एस्सी. मिळवली. तेव्हा आपण ब्रिटिश प्रजा होतो, व्हिसाचा प्रश्नच नव्हता, हे मला ठाऊक आहे, लगेच कोणी लिहू नका. मुद्दा वेगळा आहे. पैसे संपले म्हणून थांबलेल्या विद्यार्थ्यावर विद्यापीठाने चार वर्षं विश्वास टाकला. आज पाच महिने!

आता एप्रिल २०२५ मध्ये नेमकं काय झालं ते. अमेरिकी सरकारने सुमारे १३ लाख परदेशी विद्यार्थ्यांची नावं पोलिसी नोंदींच्या संगणकातून फिरवली. ६४०० च्या आसपास नावं जुळली आणि त्यावरून हजारो नोंदी बंद करण्यात आल्या. हे सरकारी अधिकाऱ्यांनीच कोर्टात सांगितलं. जुळलेल्यांत कोण होतं? कोणाला वाहतुकीचा दंड झालेला, कोणाचा खटला कधीच निकाली निघालेला, कोणावर आरोपपत्रसुद्धा नाही. कित्येकांना सरकारने कळवलंही नाही, विद्यापीठाने संगणक उघडल्यावर समजलं. तिथल्या इमिग्रेशन वकिलांच्या संघटनेने गोळा केलेल्या ३२७ प्रकरणांत निम्मी मुलं भारतीय होती. मुलं कोर्टात गेली, ठिकठिकाणच्या न्यायाधीशांनी सरकारला झापलं आणि २५ एप्रिलला नोंदी परत चालू करत असल्याचं सरकारने कोर्टात सांगितलं. तोवर काहींनी घाबरून देश सोडलाही होता.

याला आपल्याकडे चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. आणि हे काही पहिल्यांदा झालं नाही. ब्रिटनमध्ये २०१४ साली बीबीसीने इंग्रजीच्या परीक्षेतली कॉपी दाखवली. कॉपी खरी होती. पण मग सरकारच्या सांगण्यावरून झालेल्या तपासणीत ५८,४५८ परीक्षांपैकी ९७ टक्के संशयास्पद ठरल्या! मी आयुष्यभर पेपर तपासले आहेत. मला कोणी सांगितलं की शंभरातल्या सत्त्याण्णव पोरांनी कॉपी केली, तर मी आधी सांगणाऱ्याकडे संशयाने बघेन. २०१९ मध्ये त्यांच्याच सरकारी लेखापरीक्षकांनी ठपका ठेवला की यात निरपराध मुलं भरडली जाऊ शकतात याची पुरेशी काळजी सरकारने घेतली नव्हती. तोवर पाच वर्षं गेली. विशीतली पाच वर्षं!

"पण मावशी, सुरक्षेचं काय?" हा पुढचा प्रश्न मला पाठ आहे. सुरक्षा हवीच. पण कागद वाढवले की सुरक्षा वाढते हा भ्रम आहे. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात विमानं इमारतींवर घालणाऱ्या दोघा जणांना विद्यार्थी म्हणून राहायला मंजुरी दिल्याचा सरकारी कागद फ्लोरिडातल्या विमानशाळेत कधी पोचला ठाऊक आहे? मार्च २००२ मध्ये. ते मरून सहा महिने झाल्यावर! तेव्हा कागद कमी होते असं नाही. कागद कोणी वाचत नव्हतं. आणि गठ्ठ्याने रद्द करणं हासुद्धा न वाचण्याचाच प्रकार आहे.

वाचलं तर काय होतं त्याचंही उदाहरण देते. २०२३ मध्ये कॅनडात पंजाबकडची बरीच मुलं अडचणीत आली. एजंटाने त्यांना कॉलेजच्या प्रवेशाची खोटी पत्रं दिली होती. मुलं जाऊन, शिकून, नोकरीला लागून काही वर्षांनी ते उघड झालं आणि सगळ्यांना हाकलण्याची भाषा सुरू झाली. मुलांनी निदर्शनं केली. मग सरकारने हाकलणं थांबवून एकेकाचा कागद वाचायला घेतला. १०३ प्रकरणं तपासली तेव्हा त्यांतले ६३ जण खरे विद्यार्थी ठरले, बाकीचे नाही. बघा, खरंखोटं निवडता येतं. गहू आणि खडे वेगळे करता येतात. फक्त सूप हातात घेऊन बसायचे कष्ट घ्यावे लागतात.

एजंटांवरून आठवलं. कन्सल्टन्सीच्या पाट्या आता आपल्या गावातही गल्लोगल्ली आहेत. माझ्याकडे अर्जातलं मराठी कागदाचं भाषांतर बघून द्या म्हणून येणारे पालक सांगतात त्यावरून मला कळतं. एका कन्सल्टन्सीवाल्याने बापाला सांगितलं, महिन्याभरासाठी खात्यात वीस लाख आणून ठेवतो, अमुक टक्के द्या, मुलाखत झाली की पैसे परत. मुलाला मुलाखतीची उत्तरं पाठ करायला दिलेली, त्यात स्वतःच्या आईबापांविषयीही खोटं. मी त्या बापाला एवढंच म्हटलं की उद्या हे उघड झालं तर कन्सल्टन्सीवाला पाटी बदलेल, तुमच्या पोराचं नाव बदलता येणार नाही. तो उठून गेला तो परत आला नाही. पंजाबने २०१२ मध्येच अशा मंडळींना परवाना सक्तीचा करणारा कायदा केला. त्याने सगळे ठग संपले नाहीत हे वरच्याच गोष्टीवरून दिसतं. पण निदान तक्रार कुठे करायची ते तरी ठरलं. आपल्या आमदारांनी तो कायदा एकदा मागवून वाचावा.

आता आपल्या अंगणात येऊ. परदेशी विद्यार्थी भारतातही येतात, आपल्या लोकांना हेच माहीत नसतं. सरकारी पाहणीप्रमाणे २०२१-२२ मध्ये ते ४६,८७८ होते, सर्वांत जास्त नेपाळचे आणि त्याखालोखाल अफगाणिस्तानचे. अफगाण मुलांचं पुणे हे आवडतं गाव. १८० दिवसांहून मोठा व्हिसा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी, पत्ता बदलला की कळवा, नोकरी करायची नाही, हे जाच आपल्याकडेही आहेतच.

१५ ऑगस्ट २०२१ ला तालिबानने काबूल घेतलं. २५ ऑगस्टला आपल्या गृहखात्याने जाहीर केलं की अफगाण नागरिकांनी यापुढे ई-व्हिसावरच यायचं आणि जे भारताबाहेर आहेत त्यांचे आधी दिलेले सगळे व्हिसा रद्द. कारण दिलं की काही पासपोर्ट गहाळ झाल्याच्या बातम्या आहेत. ते कारण खोटं होतं असं मी म्हणत नाही. चार दिवस, चार आठवडे थांबवणं मी समजू शकते. पण पुण्याच्या कॉलेजात ज्या मुलाचं नाव पटावर आहे, ज्याचे बोटांचे ठसे आणि पत्ता आपल्याच कार्यालयात आहेत, ज्याची पुस्तकं त्याच्या खोलीत पडली आहेत, त्याला ओळखायला आपल्याला किती वेळ लागला असता? मुलं महिनोन् महिने ताटकळली. कोणाचं एकच सत्र राहिलं होतं. २० डिसेंबर २०२२ ला तालिबानने मुलींना विद्यापीठं बंद केली. त्यानंतर तिथल्या ज्या मुलीकडे पुण्याचा प्रवेश होता, तिच्यासाठी तो नुसता व्हिसा नव्हता, शिकण्याचा उरलेला एकुलता रस्ता होता. २०२३ मध्ये आपण अफगाण विद्यार्थ्यांसाठी १००० ऑनलाइन शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. चांगलं केलं. पण घरात कोंडलेल्या मुलीला खिडकीतून पुस्तक देणं आणि दार उघडणं यांत फरक आहे.

हे आपल्याच मातीतल्या माणसाला कळलं होतं. फर्ग्युसनमध्ये शिकवणारे डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी वसतिगृहात एक दृश्य पाहिलं. मॉरिशसहून आलेला एक मुलगा कावीळ होऊन खोलीत पडलेला आणि एक मुलगी त्याला खिडकीतून जेवण देत होती. परक्या मुलांना इथे कोणी नाही हे त्यांना लागलं आणि त्यातून १९७१ मध्ये सिंबायोसिस उभी राहिली. ते नंतर केवढं मोठं झालं, त्याच्या फिया काय झाल्या, ते सोडा. मूळ विचार बघा. एका मास्तराला परक्या देशातलं पोर स्वतःचं वाटलं. या विचाराला पन्नास वर्षं झाली त्याच साली, २०२१ मध्ये, पुण्यातल्या पोरांसाठी आपण गप्प बसलो.

तुम्ही म्हणाल, बाई, अमेरिकेत आपली साडेतीन लाखांवर मुलं आहेत आणि इथे मूठभर परदेशी, तुलना कशी करता? उलट म्हणूनच करते. ज्याची जास्त पोरं लोकाच्या घरी, त्याने लोकाची पोरं जास्त जपावीत. एवढा व्यवहार आपल्या अडाणी आजीलाही कळत होता. सासरी दिलेल्या मुलीची आठवण ठेवूनच ती घरातल्या सुनेला वागवायची. निदान शहाणी असेल ती तरी.

म्हणून माझ्या मागण्या चार, आणि त्या सगळ्या देशांना सारख्याच. नाव कमी करण्याआधी लेखी नोटीस आणि म्हणणं मांडायला मुदत. चौकशी चालू असताना वर्गात बसायची परवानगी. नकार द्यायचा तर त्या मुलापुरतं खरं कारण दोन ओळींत लिहून. आणि शिक्षा एकेकाला, गठ्ठ्याला नाही. यांतलं काहीही अवघड नाही. प्रत्येक बरा मुख्याध्यापक हे रोज करतो.

अमेरिकेतल्या भाचे-पुतण्यांनो, तुमच्या मुलांच्या बाजूने मी आहेच. सेनेटरला पत्र लिहिणार असाल तर जरूर लिहा. पण त्याच दिवशी एक पत्र दिल्लीलाही लिहा, त्या पुण्याच्या पोरांसाठी. दोन्ही पत्रांत मजकूर एकच चालेल, फक्त देशाचं नाव बदलायचं. नाव बदलल्यावर तो मजकूर लिहायला हात अडखळला, तर मग अन्यायाबद्दल ओरडू नका. बाब्याचं काय झालं एवढीच काळजी आहे, असं सरळ म्हणा. निदान म्हणीचा वाक्यात उपयोग तरी बरोबर होईल.